घरची बोली, वर्गातली भाषा : जेम्स बेरी यांची गोष्ट
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू इतकी वर्षं लंडनला प्राथमिक शाळेत शिकवलंस, तिथलं काहीतरी सांग." तिथल्या थंडीबद्दल आणि महागाईबद्दल तुम्ही सगळ्यांकडून ऐकलंच असेल. मी एका कवीबद्दल बोलणार आहे. त्यांचं नाव जेम्स बेरी. आपल्याकडे ते फारसे कुणाला ठाऊक नाहीत, पण त्यांचं काम आपल्या शाळेच्या फार जवळचं आहे, असं मला वाटतं.

बेरींचा जन्म १९२४ सालचा, जमैका बेटावरच्या पोर्टलंड परगण्यातल्या बोस्टन नावाच्या समुद्रकाठच्या खेड्यात. वडील छोटे शेतकरी, आई शिवणकाम करणारी, सहा भावंडं. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. जमैकावर तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. ते १९६२ पर्यंत टिकलं. त्यामुळे शाळेतलं शिक्षण इंग्रजी वळणाचं. घरी मात्र बोलायचे ते पात्वा. इंग्रजी शब्द आणि पश्चिम आफ्रिकी भाषांचा बाज यांतून घडलेली ही बोली. शिकलेली माणसं तिला 'मोडकं इंग्रजी' म्हणत. पण संध्याकाळी अनान्सीच्या गोष्टी रंगायच्या त्या तिच्यातच. अनान्सी म्हणजे कोळी. अंगाने लहान, पण वाघालाही बनवणारा. गुलामांबरोबर समुद्र ओलांडून आलेला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोवळ्या वयात बेरी मजुरीसाठी अमेरिकेत गेले. तिथे काळ्या माणसांना मिळणारी वागणूक त्यांना सोसली नाही. ते परत आले आणि १९४८ साली इंग्लंडला निघाले. त्या वर्षी कॅरिबियन लोकांना घेऊन गेलेलं 'विंडरश' जहाज प्रसिद्ध आहे. बेरी त्यानंतरच्या 'ओर्बिटा' जहाजाने गेले. लंडनमध्ये रात्रशाळा केली, पोस्टाच्या तारखात्यात नोकरी धरली. पंचवीसेक वर्षं दिवसा तारा आणि उरलेल्या वेळात लेखन, असा त्यांचा क्रम होता.

मग १९७७ साली दक्षिण लंडनमधल्या व्हॉक्सहॉल मॅनर शाळेत त्यांना निवासी लेखक म्हणून नेमलं गेलं. म्हणजे शाळेतच राहायचं असं नव्हे. मुलांमध्ये वावरायचं, त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे होतं. वर्गात कॅरिबियन घरांतली कितीतरी मुलं होती, पण त्यांच्यासारखी मुलं ज्यांत आहेत अशी पुस्तकं जवळजवळ नव्हती. नसतील तर आपण लिहू, असं म्हणून बेरी कामाला लागले.

१९८७ मध्ये जमैकातल्या मुलांच्या कथांचं 'अ थीफ इन द व्हिलेज' आलं. १९८८ मध्ये 'व्हेन आय डान्स' हा मुलांसाठीचा कवितासंग्रह आला. त्याला पुढच्या वर्षी सिग्नल पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास अनान्सीच्या गोष्टीही त्यांनी पुस्तकात आणल्या. त्याआधी, १९८१ साली, ब्रिटनच्या राष्ट्रीय काव्यस्पर्धेत ते पहिले आले होते. वेस्ट इंडीजमधून आलेल्या कवीने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ. २०१७ साली वयाच्या ९२व्या वर्षी ते गेले. त्यांची हस्तलिखितं आज ब्रिटिश लायब्ररीत जपलेली आहेत.

'व्हेन आय डान्स' मला आमच्या शाळेच्या वाचनालयात सापडलं. त्यात लंडनच्या वस्तीतली मुलं आहेत आणि जमैकाच्या खेड्यातलीही. काही कविता प्रमाण इंग्रजीत, काही घरच्या बोलीत. जमैकन म्हणीही आहेत. बोलीला वेगळा कोपरा दिलेला नाही, की तिची माफी मागितलेली नाही. दोन्ही भाषा एकाच पंगतीत.

त्यातली एक बोलीतली कविता वर्गात घ्यायची ठरली, तर तिचा हेल मला कुठून यावा? मी सरळ विचारलं, "हे कुणाला वाचता येईल?" मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. तोवर तो वर्गात क्वचितच बोलत असे, आणि त्याच्या प्रगतिपुस्तकात 'भाषा कच्ची' असा शेरा पडत आलेला. त्याने ती कविता त्याच्या आजीच्या चालीवर म्हटली. मुलं पुन्हा म्हण म्हणाली. मग त्याने मला दोन ओळी म्हणायला शिकवल्या. माझा हेल ऐकून अख्खा वर्ग हसला आणि मीही हसले. त्यानंतर तो एकदम हुशार झाला, असं काही मी सांगणार नाही. पण तो बोलायला लागला. आणि जो बोलतो त्याला शिकवता येतं.

मित्रांनो, हे आपल्याला परकं आहे का? आपल्यापैकी निम्मे जण अहिराणी बोलत शाळेत आले. घरी 'आंडोर', वर्गात 'मुलगा'. घरी 'कथा' म्हणजे 'कुठे', वर्गात 'कथा' म्हणजे गोष्ट. पहिलीतली कितीतरी मुलं गप्प बसायची ती उत्तर येत नव्हतं म्हणून नव्हे, तर ते कुठल्या भाषेत द्यायचं हे कळत नव्हतं म्हणून. मग पाठ्यपुस्तकात बहिणाबाई भेटल्या आणि आपल्याकडच्या आज्यांचं बोलणं छापलेलं दिसलं. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपात आली नसती, तर ते दिसलंच नसतं. कुणीतरी ते कागदावर उतरवावं लागतं.

आज आपल्या शाळेत सातपुड्यातल्या पाड्यांवरची पावरा मुलं शिकतात. काल वर्गांमधून फिरताना त्यांच्याशी बोलले. मधल्या सुट्टीत ती पावरीत मोठमोठ्याने बोलतात, घंटा झाली की गप्प. बाई सांगत होत्या, पाचवीनंतर त्यांतली बरीच मुलं शाळा सोडतात. कारणं अनेक आहेत. ऊसतोड आहे, अंतर आहे, गरिबी आहे. ती सगळी आपल्या हातात नाहीत. एक मात्र आहे.

आपल्या तुकडीने निधी जमवला आहे आणि त्यातून डिजिटल फळा घ्यायचं ठरतंय. फळा जरूर घ्यावा. माझी विनंती एवढीच, की त्यातला थोडा भाग बाजूला ठेवावा. आपल्या वेळी शाळेचं वार्षिक हस्तलिखित निघायचं, आठवतं? ते पुन्हा सुरू करू. या वर्षीच्या अंकात मुलांनी आपापल्या घरून आणलेल्या म्हणी, कोडी, गाणी, गोष्टी असू द्या. पावरी, अहिराणी, तडवी, जी असेल ती, मूळ बोलीत, आणि शेजारी मराठी. लिहिता येत नसेल त्याचं दुसऱ्याने लिहून घ्यावं. अंक वाचनालयात राहील, म्हणजे पुढच्या वर्षी पहिलीत येणाऱ्याला आपल्या घरचं बोलणं पुस्तकात दिसेल.

याने मराठी कच्ची राहील, अशी शंका काही सरांनी काल बोलून दाखवली. सर, बेरींनी प्रमाण इंग्रजीतही तितकंच उत्तम लिहिलं. एक भाषा शिकायला दुसरी पुसावी लागत नाही.

अंकाच्या कागदाचा आणि छपाईचा पहिल्या वर्षीचा खर्च मी देते. संपादक मात्र मुलांमधलेच हवेत.