पाच फूट राखून



दीक्षान्ताच्या प्रसंगी वक्त्याने स्नातकांना शिखराकडे बोट दाखवावे असा शिरस्ता आहे. तो मोडण्याचे धारिष्ट माझ्या अंगी नसल्यामुळे मीही एका शिखराचीच हकीकत सांगणार आहे; मात्र ती माथ्यावर पाऊल न ठेवता परतलेल्या माणसांची आहे.

नेपाळ आणि सिक्कीम यांच्या सरहद्दीवर उभे असलेले, ८,५८६ मीटर उंचीचे आणि जगात तिसऱ्या क्रमांकाचे कांचनजंगा हे शिखर १९०५ पासून अर्धे शतक गिर्यारोहकांना माघारी धाडीत आले होते. १९५५ साली चार्ल्स एव्हन्स या शल्यविशारदाच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहीम नेपाळच्या बाजूने, यालुंग हिमनदीच्या वाटेने निघावयाची होती, तेव्हा सिक्कीमच्या दरबारातून हरकत आली. कारण तेथील प्रजेला तो पर्वत दैवतासमान. एव्हन्स यांनी ती हरकत शिरोधार्य मानली आणि आपल्यापैकी कोणीही माथ्याला पाय लावणार नाही, असा शब्द दिला.

२५ मे रोजी केंब्रिजमध्ये भूगर्भशास्त्र शिकलेला जॉर्ज बँड आणि चौदाव्या वर्षी शाळा सोडून मँचेस्टरमध्ये नळकाम शिकलेला जो ब्राउन हे दोघे एका दोराला बांधून घेऊन अखेरच्या चढणीला लागले. माथ्याजवळ उभ्या कातळाने वाट अडविली, तेव्हा त्यातील फटीतून प्रथम वर गेला तो कारागीर. पदवीधर त्याच्या मागोमाग आला. समोर, अवघ्या पाच फूट उंचीवर, बर्फाचा माथा होता. साक्षीला कोणी नव्हते, पावलांचा ठसा वाऱ्याने क्षणात पुसून टाकला असता, आणि पन्नास वर्षे हुलकावणी दिलेली कीर्ती केवळ चार पावलांवर उभी होती. तरीही ते दोघे तेथेच थांबले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रेदर तेथवर पोहोचले, आणि त्यांनीही ती हद्द ओलांडली नाही.

हा शब्द देणाऱ्या एव्हन्स यांना शिखरासमोर थांबणे नवे नव्हते. २६ मे १९५३ रोजी ते आणि टॉम बूर्दियाँ एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरावर, माथ्यापासून सुमारे तीनशे फूट खाली, पोहोचले होते. परंतु प्राणवायूचे यंत्र बिघडलेले आणि दिवस उतरणीला लागलेला पाहून ते परतले. तीन दिवसांनी हिलरी आणि तेनसिंग माथ्यावर पोहोचले आणि उतरताना त्यांना उपयोगी पडली ती याच दोघांनी वाटेवर ठेवलेली प्राणवायूची नळकांडी. इतिहासाच्या दप्तरात पहिल्या नोंदीखाली अशी कितीतरी नावे बारीक अक्षरात राहतात. कांचनजंगाच्या त्याच मोहिमेत पेमी दोर्जे या शेर्पाने प्राण गमावले, हेही विसरता येत नाही.

स्नातकांनो, आज तुमच्या हाती पडणारी सनद तुम्हाला वाटेचा अधिकार देते; माथ्याच्या मालकीचा दाखला तीत नाही. तुमच्या घराण्यातून महाविद्यालयाची पायरी प्रथम चढणारे तुमच्यापैकी अनेक असतील. त्यांच्या मागे कोणाचे ओझे, कोणाचा दोर आणि कोणाची वाटेत ठेवलेली शिदोरी आहे, हे त्यांनी स्वतःशी मोजून पाहावे. पहिल्याने काढलेली पायवाट पुढे दहाजणांची वहिवाट व्हावी, यातच पहिलेपणाचे सार्थक आहे.

आणि जेथे पाहणारा कोणी नसेल, मोह चार पावलांवर असेल आणि दिलेला शब्द तेवढा सोबत असेल, तेथे पाच फूट राखून थांबण्याचे बळ तुमच्या अंगी असो, एवढीच माझी विनंती आणि एवढाच माझा आशीर्वाद.