डेकवरचे पाणी कोठे जाते?



परातीत पाणी घेऊन चालताना काय होते? परात जरा कलली, की सारे पाणी तिकडेच धावते. मग परात आणखी कलते. शिडाच्या जहाजाला हीच भीती असते.

इंग्लंडात ग्रीनिच येथे ‘कटी सार्क’ नावाचे शिडाचे जहाज जपून ठेवले आहे. ते १८६९ साली स्कॉटलंडात बांधले. त्याने चीनचा चहा लंडनला नेला, पुढे ऑस्ट्रेलियाची लोकर नेली. वाटेत दक्षिणेचा वादळी समुद्र लागे. तेथे लाट थेट डेकवर येऊन पडे. डेक म्हणजे जहाजाचा वरचा, फळ्यांचा मजला.

समजा, २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागेत अर्धा मीटर पाणी साचले. त्याचे वजन किती? शंभर टनांहून जास्त! एवढे ओझे वरच्या मजल्यावर, आणि तेही इकडून तिकडे धावणारे. जहाज कलंडायला कितीसा वेळ?

मग खलाशांना कठड्याआड धरून ठेवावे, की पाणी जाऊ द्यावे? कठडा काढला तर माणसे समुद्रात जातील. ठेवला तर पाणी अडेल. कारागिरांनी दोन्ही साधले.

डेक सपाट ठेवत नाहीत. मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता करतात, आपल्या छपरासारखा. पाणी आपोआप कडेला जाते. तेथे कठड्याच्या बुडाशी मोऱ्या असतात. लाकडी जहाजात मोरीला आतून शिशाचा पत्रा लावीत, म्हणजे लाकूड कुजत नसे.

पण मोठी लाट आली तर लहान मोरी पुरी पडत नाही. म्हणून कठड्यात मोठी भोके ठेवून त्यांना झडपा लावीत. झडपेची बिजागरी वरच्या बाजूला असते. आतले पाणी रेटते, तेव्हा ती बाहेर उघडते. बाहेरची लाट आपटली, की ती मिटते. जहाज डावीकडे कलले, की डावीकडचे पाणी जाते. उजवीकडे कलले, की उजवीकडचे.

लोखंडी झडप गंजून अडकली, किंवा मोरीत दोराचे तुकडे बसले, तर पाणी अडलेच. म्हणून चांगला खलाशी वादळाआधी मोऱ्या आणि झडपा पाहून घेई.

आपणही मृगाच्या आधी घराची मोरी आणि शेताचा सांडवा पाहून घेऊ या. पाऊस सुरू झाल्यावर पाहिले, तर उशीर होतो.