चिक चॉकलेट : एका गोमंतकीय ट्रंपेटवादकाची कहाणी



बिलोलीची वेस तेलंगणास लागून आहे. तेथील माणसाच्या कानांवर मराठी, उर्दू आणि तेलुगू या भाषा लहानपणापासून पडतात. परका शब्द आपलासा कसा करावा हें त्याला निराळें शिकवावें लागत नाहीं. सुरांच्या बाबतींत हीच किमया गोव्याच्या एका वादकानें करून दाखविली. अंतोनियो झेवियर वाझ हें त्यांचें नांव. मुंबईच्या रसिकांनीं त्यांना चिक चॉकलेट या नांवानें ओळखलें.

त्यांचा जन्म १९१६ सालीं बार्देशांतील हळदोणें गांवीं झाला. त्या काळीं गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपि वाचावयास शिकवीत. त्यामुळें कागदावरील सूर बिनचूक वाजविणाऱ्या गोमंतकीय वादकांस मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढें चित्रपटांत मोठी मागणी आली. परंतु जॅझला तेवढें पुरत नाहीं. अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं कृष्णवर्णीय समाजानें वाढविलेलें हें संगीत. यांत गाण्याचा सांगाडा ठरलेला असतो. त्याच्या स्वरसंगतीचीं आवर्तनें चालू राहतात आणि वादक दर आवर्तनांत नवी सुरावट तत्क्षणीं रचतो. बंदिशीचा मुखडा धरून ख्यालगायक जी बढत करतो, तिच्याशीं याचें नातें आपल्या श्रोत्यांस सहज उमगेल.

चिक ट्रंपेट वाजवीत. लुई आर्मस्ट्राँग हें त्यांचें दैवत; भारताचे आर्मस्ट्राँग अशीच त्यांची ख्याति झाली. १९४० नंतरच्या दशकांत ताजमहाल हॉटेलांत त्यांचा वाद्यवृंद गाजला. पुढें पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्या चित्रसंगीतांत त्यांचा मोठा हातभार लागला. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांत तर चिक आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. ‘नादान’ (१९५१) आणि ‘रंगीली’ (१९५२) यांना त्यांनीं स्वतः संगीत दिलें. ‘कर भला’ (१९५६) मध्यें निसार बझ्मी त्यांच्या जोडीला होते.

तरीहि या कारकीर्दींत एक सल आहे. लिहिलेली चाल कागदावर राहते. आयत्या वेळीं सुचलेली सुरावट श्वासाबरोबर विरून जाते. हॉटेलांतील रात्रीच्या मैफलींत वादकास मनसोक्त विहार करतां येई; पण त्या मैफली ऐकणाऱ्यांच्या आठवणीपुरत्याच उरल्या. चित्रपटाची तबकडी टिकली, परंतु तींत वादकाच्या वाट्यास दोन कडव्यांमधील चार क्षण येत. नामावळींत संगीतदिग्दर्शकाचें नांव झळके. ट्रंपेट कोणीं वाजविला हें बहुधा कोणी सांगत नसे. ज्या कामानें पोट भरलें त्यांत मोकळीक थोडी, आणि ज्या कलेनें नांव झालें तिचा ठेवा थोडा, असा हा हिशेब होता.

१९६६ सालच्या ‘आखरी खत’ या चित्रपटांत चिक पुन्हा ट्रंपेटसह पडद्यावर आले. दुसऱ्याच वर्षीं, १९६७ सालीं, त्यांचें निधन झालें. वयाची पन्नाशी नुकतीच उलटली होती.

आजहि जुनीं गाणीं रेडिओवर लागतात, मुंबईस तशीं बिलोलीसहि. गाणारा थांबतो, ट्रंपेटची लकेर उठते आणि दुसरें कडवें सुरू होतें. त्या लकेरीमागें कोणाचा तरी श्वास आहे, एवढें ध्यानीं ठेवून ती ऐकली, तर निनांवी राहिलेल्या वादकांचें ऋण थोडें तरी फिटेल.