कर्कपेशीची कोलेस्टेरॉलची भूक
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



चिटणिसांनी ह्या भाषणासाठी सभासदांकडून प्रश्न मागविले, तेव्हा एका भगिनीने विचारले की, घरात कर्करोगाचा रुग्ण असता त्याचे तूप-लोणी बंद केल्यास रोगाची उपासमार होईल काय? माझे सारे बोलणे ह्या एका प्रश्नाभोवतीच राहील.

कोलेस्टेरॉलला आपण उगाच खलपुरुष ठरविले आहे. पेशीचे आवरण त्यावाचून नीट उभे राहत नाही. पित्तातील आम्ले आणि कित्येक संप्रेरके त्यापासूनच होतात. पेशीला ते दोन मार्गांनी मिळते. घरच्या आडाचे पाणी शेंदावे तसे ती ते स्वतः तयार करते. आणि पाणक्याने पाणी आणावे तसे रक्तातील एलडीएल नावाचे कण ते तिच्या दाराशी आणतात. हे कण आत घेणाऱ्या, आवरणावरील प्रथिनांना ग्राहक म्हणतात. अमेरिकेत डॅलस येथे मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनी त्यांचा शोध लावला आणि १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

रांजण भरला की निरोगी पेशी शेंदणे आवरते आणि ग्राहकही कमी करते. तिच्या आत एसआरईबीपी नावाचे प्रथिन अडकवून ठेवलेले असते. कोलेस्टेरॉल घटले म्हणजे ते सुटते. त्याचा एक तुकडा पेशीकेंद्रात जाऊन दोन्ही कामे पुन्हा सुरू करवितो. (नाव विसरलात तरी चालेल, रांजण विसरू नका.)

कर्कपेशीत हा हिशेब बिघडतो. तिला सारखे विभागायचे असते, आणि प्रत्येक नव्या पेशीला नवे आवरण हवे. वाढीचे बेताल झालेले संकेत रांजणाकडे न पाहताच एसआरईबीपीला कामास जुंपतात. ग्लायोब्लास्टोमा ह्या मेंदूच्या कर्करोगात ह्याच वाटेने ग्राहक वाढतात, असे २०११ साली दाखविण्यात आले. जास्तीचे कोलेस्टेरॉल मेदाम्लाशी जोडून थेंबांच्या रूपाने साठविले जाते; प्रोस्टेटच्या कर्करोगात असे साठे आढळले आहेत.

मग आड बुजविणारी स्टॅटिन औषधे का देऊ नयेत? लघुपेशीय फुप्फुसकर्करोगाच्या ८४६ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. केमोथेरपीच्या जोडीला प्राव्हास्टॅटिन देऊनही आयुष्य वाढले नाही. शेंदणे अडले की पेशी पाणक्यासाठी दार अधिक उघडू शकते, हे ध्यानी घेतले म्हणजे फारसे नवल वाटत नाही.

आता तुपाकडे येतो. ते बंद केले तरी यकृत कोलेस्टेरॉल तयार करीतच राहते. हृदयरोगाचे पथ्य वेगळे, ते वैद्यकीय सल्ल्याने पाळावेच. परंतु खंगत चाललेल्या रुग्णाचे तूप तोडल्याने उपासमार होते ती त्याचीच.

स्वीडनमधील संशोधकांनी १९८५ साली रक्ताच्या कर्करोगाविषयी दाखविले की, कर्कपेशी एलडीएल जितके अधिक ओढतात, तितके रुग्णाच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते. माझ्या मावशीला हाच आजार होता. अहवालातील उतरलेला आकडा पाहून पथ्य लागू पडले, असे समजून आम्ही हरखलो होतो. वरणभातावर चमचाभर तूप ती मागत असे, आणि आम्ही तिला नाही म्हणत असू.