तिकीट एखाद्याला मिळेल, रांग मात्र सगळ्यांची

22 सप्टेंबर 2024, रविवारची दुपार. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं बारा वाजता बुकमायशो या तिकीटविक्रीच्या वेबसाइटवर खुली व्हायची होती. बाराच्या ठोक्याला वेबसाइट आणि ॲप दोन्ही बंद पडली. थोड्या वेळानं पान उघडलं, तर पडद्यावर आपला रांगेतला नंबर, आणि पुढे लाखो माणसं! डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये एका वेळी मावतात पन्नास हजारांच्या आसपास प्रेक्षक. तिसरा कार्यक्रम वाढवला, तरी मागणीपुढे तो कुठल्या कुठे वाहून गेला. तिकिटासाठी सव्वा कोटीहून जास्त लोक आल्याचं पुढे सांगण्यात आलं.

आपल्या जालन्यात, मंठ्यात, भोकरदनमध्येही कोल्डप्ले ऐकणारी मुलं आहेत. खोलीवर राहून शिकणारा असा एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. एका हातात स्वतःचा मोबाइल, दुसऱ्या हातात मित्राचा. रेंज येते-जाते. नंबर लागलाच, तर आसन निवडायचं, पैसे भरायचे, ओटीपी टाकायचा, आणि हे सगळं मोजक्या मिनिटांत. तेवढ्यात नेट गेलं की आसन दुसऱ्याचं. ज्याचं नेट वेगवान, त्याचं तिकीट, असा हा हिशेब होतो.

वेबसाइट का कोलमडते, तेही समजून घेऊ. एक आसन एकालाच विकायचं असतं. म्हणून कुणी आसन निवडलं की पैसे येईपर्यंत यंत्रणेला ते राखून ठेवावं लागतं. लाखो लोक एकाच क्षणी तीच आसनं मागू लागले, की गाडी तिथंच अडते. त्यात माणसाच्या वेगाला मागे टाकणारे स्वयंचलित प्रोग्रॅमही घुसू शकतात. कंपनीनं यंत्रं वाढवावीत, वाढवलीच पाहिजेत. पण यंत्रं वाढली म्हणून स्टेडियममध्ये एक खुर्ची वाढत नाही. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची ही तिकिटं त्याच दिवशी दुसऱ्या वेबसाइटांवर लाखांच्या घरात विकायला निघाली. खरं दुखणं हे आहे.

मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं या चढ्या विक्रीची चौकशी सुरू केली. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जानेवारी 2025 मध्ये ती फेटाळताना न्यायालयानं सांगितलं, की नियम करणं हे सरकारचं आणि विधिमंडळाचं काम आहे. म्हणजे चेंडू आता लोकप्रतिनिधींकडे आहे.

नियम करता येतात, हे रेल्वेनं दाखवून दिलंय. सकाळी दहाला एसीचं आणि अकराला स्लीपरचं तत्काळ तिकीट काढताना पान गोल गोल फिरत राहतं, हा अनुभव जालना स्टेशनवरून मुंबईला जाणाऱ्या कित्येकांचा आहे. 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची झाली. पहिली तीस मिनिटं एजंटांना बंदी आली. संशयास्पद अशी अडीच कोटींहून जास्त खाती बंद झाली. त्यानं गाडीत एक बर्थ वाढला नाही, पण सामान्य प्रवाशाची बाजू भक्कम झाली.

इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाला आधी फोटोसह नाव नोंदवावं लागतं. तिकिटावर नाव आणि फोटो असतो, ते दुसऱ्याला देता येत नाही. जाणं रद्द झालं, तर तिकीट आयोजकांकडेच परत करायचं, आणि तेच पुढे पुन्हा विक्रीला काढतात. 2025 च्या महोत्सवाची तिकिटं तिथंही साधारण 35 मिनिटांत संपली. हजारोंना हात हलवत परतावं लागलं. पण त्यांच्या वाट्याचं तिकीट दलालाच्या खिशात गेलं नाही.

आपल्याकडेही एवढं करावं. विक्रीच्या आधी किती तिकिटं खुली होणार आणि किती राखीव, हे जाहीर करावं. आठवडाभर नावनोंदणी घेऊन सोडत काढावी, म्हणजे परतूरचं मंद नेट आणि मुंबईचं वेगवान नेट एका पंगतीला बसेल. तिकिटावर नाव असावं, आणि परतीची सोय मूळ किमतीलाच असावी.

आणि श्रोतेहो, आपल्यापुरतं एक आपल्याच हाती आहे. चढ्या भावानं तिकीट घ्यायचं नाही. गिऱ्हाईकच नसेल, तर हा काळाबाजार चालणार कुणाच्या जिवावर?