संगणकाची मूळ मांडणी : बंद की मोकळी?



आपल्यापैकी बहुतेक जण व्यापारी व पेढीवाले. कचेरीत नवा संगणक आला की निर्मात्याने तो ज्या मांडणीत धाडला असेल, त्याच मांडणीत तो वर्षानुवर्षे चालतो. म्हणून ही मूळ मांडणी कडक असावी की सैल, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नव्हे.

सैल मांडणीचा पक्ष अगदीच पोकळ नाही. खोक्यातून काढताच सर्व काही चालावे, गिऱ्हाइकाने तक्रार घेऊन परत येऊ नये, ही विक्रेत्याची इच्छा आपण दुकानदार मंडळी जाणतोच. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज २००० सर्व्हर’मध्ये संकेतस्थळे चालविणारा ‘आयआयएस’ हा भाग न मागताच बसविला जाई. त्यातील एका दोषावरील दुरुस्ती जून २००१ मध्ये प्रसिद्धही झाली होती. पण आपल्या यंत्रात असे काही चालू आहे, हेच पुष्कळांच्या गावी नव्हते. मग दुरुस्ती करणार कोण? १९ जुलै २००१ रोजी ‘कोड रेड’ नामक उपद्रवाने १४ तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक यंत्रे ग्रासली. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी आपल्या नोकरवर्गास पत्र लिहून, नव्या सोयी की सुरक्षितता अशी निवड करावी लागल्यास सुरक्षितताच निवडावी, असे बजावले. २००३ च्या सर्व्हरच्या बहुतेक आवृत्त्यांत तो भाग मागितल्यावाचून बसेनासा झाला.

तथापि कडकपणाही बेताचाच हवा. २००७ साली आलेले ‘विंडोज व्हिस्टा’ पदोपदी परवानगी विचारी. लोक कंटाळून न वाचताच होकार देत. कित्येकांनी तर ती विचारणाच बंद करून टाकली. दिवसातून ५० वेळा किल्ली लावावी लागणारे कुलूप नोकर दुपारपर्यंत खुंटीवर टांगतो, हे का आपण पाहिलेले नाही?

माझे मत असे की, मांडणी बंदच यावी; मात्र एकेक दार स्वतंत्रपणे उघडता यावे आणि ते कोणी, केव्हा उघडले याची नोंद राहावी. ज्याला दाराची गरज आहे तो ते आपण होऊन उघडतोच. ज्याला दार आहे हेच ठाऊक नाही, तो ते लावणार कसा? लहान पेढीवर हे ओझे टाकणे मला अन्यायाचे वाटते.

आपल्या मंडळाच्या संगणकात वधूवरांच्या नोंदी आहेत, शिष्यवृत्तीच्या अर्जांसोबतचे उत्पन्नाचे दाखले आहेत. यंत्रासोबत आलेला परवलीचा शब्द अद्याप तोच आहे काय, आणि या नोंदी बाहेरील कोणास दिसतात काय, याची चौकशी कार्यकारी मंडळाने पुढील सभेपूर्वी करावी, अशी माझी नम्र सूचना आहे. त्या कामी लागेल तेवढा वेळ देण्यास मी सिद्ध आहे.