प्रबंधाआधीचा वर्ग



अर्थशास्त्रात एम.ए. झाले, मार्गदर्शक मिळाले, की प्रबंध लिहायला बसायचे, अशी आपली समजूत असते. आता तसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी आधी किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क पुरे करावे लागते. त्यात ५५ टक्के गुण नसतील, तर प्रबंध सादर करता येत नाही. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पहिले वर्ष सूक्ष्म व समग्र अर्थशास्त्र आणि अर्थमिती यांच्या वर्गांतच जाते.

ही अडवणूक समजू नका. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी तेथे अर्थशास्त्राचेच २९ अभ्यासक्रम घेतले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर त्यांचा ग्रंथ निघाला, तो या तयारीनंतर.

आपली मुले या वर्गांत अडतात ती बुद्धीमुळे नव्हे, गणितामुळे. अर्थमितीला कलन व संख्याशास्त्र लागते. "आर्ट्सला जायचे, मग गणित कशाला?" असे आपण म्हणतो. मीही तेच ऐकून दहावीनंतर गणित सोडले. पुढे अर्थमितीचे पुस्तक हाती घेतले आणि पहिल्या प्रकरणातच थांबलो.

म्हणून विनंती आहे. मुलगा असो वा मुलगी, गणित सोडू देऊ नका. शाळा सुटल्यावर एक तास शिकवायला मी तयार आहे. दुकानाच्या आणि घरच्या कामातून मुलांना तेवढा तास मोकळा द्या.